झाडूचा दांडा

"हात काढ, गुड्रुन!" आस्गर ओरडला.

"नाही काढणार. कुणी मागे राहायचं नाही, नियम आहे."

ही गुड्रुन साठी ओलांडलेली निवृत्त सुईण. एका हातानं स्वतःची सायकल सांभाळत दुसऱ्या हातानं ती आस्गरसारख्या धट्ट्याकट्ट्या सुताराला चढावर ढकलत होती, आणि वर तिला साधी धापही लागली नव्हती. आस्गरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला दम लागतो, आणि तो तर खालच्या वळणावरच संपला होता. तो पेडल मारत राहिला.

कॅन्सर झालेल्या मुलांसाठी वर्गणी गोळा करत ही मंडळी डेन्मार्कहून पॅरिसला चालली होती. सपाट रस्त्यावर आस्गर कुणाला हार जाणारा नव्हता. पण ज्या देशात दीडशे मीटरच्या टेकाडाला 'स्वर्गाचा डोंगर' म्हणतात, तिथल्या माणसानं चढाचा सराव करायचा तरी कुठे? बेल्जियम लागलं आणि त्याच्या नाकी नऊ आले. प्रत्येक चढाच्या मध्यावर गुड्रुनचा तो रुंद पंजा त्याच्या पाठीवर यायचाच.

ढकलत तर इतरांनाही न्यायचे. पण त्यांची टिंगल व्हायची. येप्पे मास्तर मागे पडले की सगळे ओरडायचे, "मास्तर, बटाटे जरा बेतानं खा!" आस्गरला ढकलताना मात्र सगळ्यांची तोंडं बंद. कारण त्याची लेक अल्मा कॅन्सरनं दोन वर्षं इस्पितळात होती. 'बिचारा' असं कुणी तोंडानं म्हणत नसे, पण पाठीवरच्या त्या हातातून ते त्याला बरोबर ऐकू यायचं. त्याला टिंगल चालली असती. ही माया त्याला नको होती.

आणि अल्माला त्यानं शब्द दिला होता. निघताना ती म्हणाली होती, "एक तरी चढ कुणी न ढकलता चढ, बाबा. मला सगळे सगळीकडे उचलूनच न्यायचे ना, इतका राग यायचा! आणि हे बघ, खोटं सांगायचं नाही." रोज संध्याकाळी फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "चढलास?" आणि रोज त्याचं एकच उत्तर, "उद्या." आता उद्या उरला नव्हता. पॅरिस जवळ आलं होतं आणि वाटेत एकच चढ शिल्लक होता.

त्या चढाच्या पायथ्याशी, झाडांच्या सावलीत, घरची माणसं आधीच येऊन थांबली होती. शेवटचा टप्पा मुलांबरोबर चालवायचा ही मंडळींची जुनी रीत. काळ्या पावाचे तुकडे फिरले, खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या फिरल्या. अल्मानं बापाला मिठी मारली आणि कानात विचारलं, "चढलास?"

"हा चढणार," तो म्हणाला. मग गुड्रुनकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या वेळी पाठीला हात लावलास, तर सायकल इथेच टाकून घरी जाईन."

"राहिलं! माझाही हात दुखतोय," गुड्रुन म्हणाली, आणि मुकाट्यानं सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.

गाडीतून अल्माची सायकल उतरवली. तिच्या मागे झाडूचा दांडा पक्का केलेला होता. डेन्मार्कात पोर सायकल शिकायला लागलं की बाप असा दांडा लावतो आणि तो धरून मागे पळतो. पोर शाळेत जायच्या आत तो निघतोही. अल्मा नऊ वर्षांची होती. ती ठणठणीत बरी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. दांडा पाहून तिच्या बरोबरीच्या मुली फिदीफिदी हसल्या.

"हा काढ ना, बाबा. मला येते सायकल."

"पडलीस म्हणजे? उद्या काढू," आस्गर म्हणाला.

सगळे मुलांच्या चालीनं निघाले. अल्मा किंचित पुढे, तो तिच्या बाजूला. त्याचा एक हात हँडलवर होता, एक दांड्यावर. चढ सुरू झाला. त्यानं वळून पाहिलं. गुड्रुन खरंच पार मागे होती. अर्धा चढ सरला तरी त्याच्या मांड्या भरून आल्या नाहीत. इतके दिवस त्या बाईच्या हातानंच आपल्याला पांगळं करून ठेवलं होतं, असं त्याला वाटलं. तिचा त्याला नव्यानं राग आला. पाऊण चढ सरला. आता त्याला शीळ घालावीशी वाटू लागली.

"बघ, अल्मा! पाठीवर कुणाचा हात नाही!"

अल्मा पेडलवर उभी राहिली होती. मान खाली, कान लालबुंद, आखूड केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"बाबा, दांडा सोड ना आता," ती धापा टाकत म्हणाली. "तू मला धरलेलं नाहीयेस. मघापासून मीच तुला ओढतेय."