एद्वानच्या पायांना धक्का नको

"तेरा वर्षं! तेरा वर्षं मी ती भाताची पातेली घासतोय," बुटाची नाडी आवळत वाल्मीर पुटपुटला. "आणि त्याच्या पायाला बोटसुद्धा लावायचं नाही म्हणे."

"हळू बोल," त्याची बायको म्हणाली. "आणि पातेल्यांचं म्हणशील, तर माझी काही तक्रार नाही."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या गावात चर्चमागच्या मैदानावर लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा फुटबॉलचा सामना होतो. जे हरतील त्यांनी जेवणाची भांडी घासायची. एद्वानला परदेशी क्लबांत खेळायला लागून तेरा वर्षं झाली, आणि त्याचं लग्न काही झालेलं नाही. तेव्हा भांडी कोण घासतं हे सांगायला नको.

नियम कुठे लिहिलेला नव्हता. पहिल्याच वर्षी एद्वानच्या आईनं, दोना झुलैदेनं, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या जागेवरून तो जाहीर केला होता. "ज्यांना धडपडायचंय त्यांनी आपापसात धडपडा. माझ्या पोराचे पाय तिकडच्या लोकांना लागतात." तेव्हापासून एद्वान बॉल घेऊन आला की माणसं बाजूला होत, मिरवणुकीला वाट द्यावी तशी. एका वर्षी गावात नव्यानं आलेल्या औषधवाल्यानं अजाणता पाय घातला. एद्वान पडला, उठला, हसला. पण पुढे महिनाभर लोक डोकेदुखीची गोळी आणायला शेजारच्या गावी जात होते.

एरवी एद्वान नाताळच्या आठवड्यात यायचा आणि जानेवारी लागला की जायचा. आधी पोर्तुगाल, मग सायप्रस, मग सात वर्षं बल्गेरिया. या वर्षी तो जूनमध्येच आला, तीन मोठ्या बॅगा घेऊन, आणि गेला नाही. दोना झुलैदेनं त्याचे बर्फातले जाड कोट धुऊन दोरीवर वाळत घातले. आमच्याकडच्या उन्हात. सगळ्या गल्लीनं ते पाहिले. कुणी काही विचारलं नाही.

"सुट्टी लांबलीय यंदा," ती पावाच्या दुकानात सांगायची.

"बरं झालं की. पोरगं चार दिवस घरचं जेवेल," लोक म्हणायचे आणि घाईघाईनं पावसापाण्याचं काढायचे.

जानेवारीत क्लब नवे खेळाडू घेतात, हे हळूहळू म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ झालं. एद्वान पहाटे नदीच्या कोरड्या पात्रातून धावायचा, फोन दंडाला बांधून. परत आला की आई त्या फोनकडे बघायची नाही. कॉफी पुढे करायची. त्याला पस्तिसावं लागलं होतं. वाढदिवसाच्या केकवर तिनं मेणबत्ती एकच लावली होती.

सामन्याच्या दिवशी पोस्टमन अन्सेल्मोनं, दरवर्षीच्या पंचानं, शिट्टी वाजवली. झाडाखाली बकऱ्याचं मटण निखाऱ्यांवर चढलं होतं, बायका कसावाच्या कंदाचं पीठ भाजत होत्या. पाचव्या मिनिटाला एद्वाननं पहिला गोल केला. दहाव्या मिनिटाला दुसरा. वाल्मीर धंद्यानं खाटीक, अंगानं दरवाजाएवढा. दोन्ही वेळा तो हात पाठीमागे बांधून बाजूला झाला.

तिसऱ्यांदा एद्वान बॉल घेऊन निघाला आणि मध्येच त्याचा वेग कमी झाला. इतकी वर्षं माणसं बाजूला होताना गलका करायची. "या साहेब, या! युरोप आला, वाट सोडा रे!" वाल्मीर तर वाकून मुजरा करायचा. यंदा कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आजाऱ्याचा हात धरून त्याला अंगणात फिरवावं, तसे सगळे त्याला गोलपर्यंत पोचवत होते.

गोल समोर रिकामा होता. गोलकीपरसुद्धा खांबाला टेकून उभा होता. एद्वान वाल्मीरपुढे थांबला. बॉलवर पाय ठेवला.

"काढ ना बॉल."

"राहू दे रे. मार तू गोल."

"काढ म्हणतो."

"अरे, उगाच काही लागलंबिगलं तर... जानेवारीत तुला..." वाल्मीर अडखळला. मग खाली मातीकडे बघत म्हणाला, "मार रे गोल, एद्वान. मी घासतो पातेली. मला सवय आहे."

एद्वान जागचा हलला नाही. त्याच्या दाढीतले पांढरे केस घामानं चमकत होते.

तेव्हा वाल्मीरनं सवयीनं कडेच्या खुर्चीकडे पाहिलं. मग गोलकीपरनं, अन्सेल्मोनं, सगळ्यांनीच. सगळ्यात शेवटी एद्वाननं पाहिलं. जूनपासून मायलेकांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळलं होतं, एका टेबलावर दिवसातून तीन वेळा जेवत असूनही.

दोना झुलैदे उठली. मांडीवरचं ताट शेजारणीच्या हातात दिलं, झग्यावरचं पीठ झटकलं आणि मैदानाच्या रेषेपर्यंत आली. आत पाऊल टाकलं नाही.

"माझ्याकडे काय बघतोस, वाल्मीर?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मटण भाजणाऱ्यांनाही ऐकू गेला. "घाल की पाय, चांगला जोरात घाल. संपलं त्याचं तिकडचं."