बाविसावी सही

"शेवंतीमावशी, आणखी दोन लाख कमी करूचे पडतले. माळ्यार सोरोप आसा," सापाचं निमित्त करून गौरेश म्हणाला.

"तो सोरोप आजोबांच्या वेळचो," मावशी म्हणाली. "पण जांव दी, करतंय कमी."

केरीचं सत्तावन्न लाखांचं घर चाळीसवर आलं. पेडण्यात वकिलाच्या ऑफिसात वीस वारस मांडीला मांडी लावून बसले होते. सगळ्यांनी सह्या केल्या. खरेदीदार म्हणून गौरेशने तर सकाळीच, वारसांची नावं न वाचता, केली होती.

त्याचा धंदाच हा. पडून राहिलेली घरं हुडकायची, भाव पाडायचा, स्वस्तात करार करायचा आणि तो करार चढ्या भावाने पुढे द्यायचा. दिल्लीचं गिऱ्हाईक शनिवारी मोपा विमानतळावर उतरणार होतं, सत्तर लाख कबूल करून. आज काम झालं नाही, तर ते दुसरं घर बघणार होतं. वर्षभरात गौरेशचा एकही सौदा जमला नव्हता. दुसऱ्या दलालांना सुगावा लागू नये म्हणून तो घरीसुद्धा गावाचं नाव काढत नसे.

"एकच वारस रवली," कृष्णनाथ वकील म्हणाले. "ती वाटेर आसा."

दार उघडलं. हेल्मेट काढत सिद्धी आत आली. गौरेशची बायको.

"तू हंय कशी?"

"माझ्या आजयेचां घर. काल मावशीन फोन केल्यान. तू हंय कसो?"

"कामाक."

शेवंतीमावशीने गौरेशला नीट न्याहाळलं. "म्हणजे हो आमचो जावय? लग्नात इतको बारीक होतो, वळखूकच नाय!"

वकिलांनी शांतपणे चष्मा पुसला. "बरां जालां. गोंयच्या कायद्यान बायलेच्या वाट्यात अर्धो वाटो घोवाचो. तेव्हा गौरेशबाब, विकणारे म्हणून तुमचीय सय लागतली."

गौरेशने पेन उचललं. कागदाला घराचा फोटो जोडला होता. तीन महिने तोच फोटो दाखवून त्याने भाव पाडला होता. आता त्याला दिसलं, की बलकांवातून, पुढच्या व्हरांड्यातून, समुद्र दिसतो. चिरे शाबूत आहेत. आवारात माड सात आहेत, आणि सातांनाही नारळ धरलेत.

चाळीस लाख! त्याने पेन खाली ठेवलं आणि सिद्धीच्या कानाशी वाकला.

"सय करू नको. घेणारो दलाल माझ्या वळखीचो. आजून धा लाख वाढयतलो."