पाखराचा डोळा

“हाही पुसा,” दातांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मास्तरांनी बटण दाबलं. वाळक्या फांदीवर मान वळवून बसलेला बुलबुल पडद्यावरून नाहीसा झाला.

ती फांदी मास्तरांनी स्वतः अंगणाच्या कुंपणाशी, मोठ्या कुंडीत रोवली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर चित्रकलेच्या ब्रशाची जागा कॅमेऱ्यानं घेतली होती. तारेवरचं किंवा नळावरचं पाखरू त्यांना चालत नसे. फांदी हवी, तीही सालीसकट. पाण्याच्या ताटलीकडे येणारं पाखरू आधी तिच्यावर टेकायचं, आणि मास्तर जाळीमागे श्वास रोखून बसलेले असायचे.

“मास्तर, तुमच्यावर संशय नाही,” डॉक्टर म्हणाले. ते शेजारीच राहत. मास्तरांची कवळी त्यांनीच बसवली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. “पण पाखराच्या मागे बघा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. आणि ही माझी बायको. सकाळी घरात बाईमाणूस कसंही वावरतं. तिला किती कानकोंडं होत असेल?”

मास्तरांनी डोळे बारीक केले. पडद्यावर आता पुढच्या फोटोतली चिमणी होती; तिच्यामागे एक धुरकट चौकोन, त्यात निळसर आकृती. खरं सांगायचं तर त्यांनी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. पाखराचा डोळा लख्ख आला की त्यांचं काम संपायचं.

डॉक्टरांची बायको दाराशी उभी होती. मान खाली.

“अहो बाई, मी खरंच पाखरांसाठीच...”

“तिला कशाला विचारता?” डॉक्टर हसले. “लाजते ती.”

मास्तरांची थोरली बहीण आतून बाहेर आली. “पूस बाबा एकदाचे! साठी उलटली, आता चारचौघांत शोभा नको.”

मास्तरांनी सगळे पुसले. कॅमेऱ्यातले, मग संगणकावरचे. तीन महिन्यांच्या सकाळी तासाभरात गेल्या. डॉक्टर शेवटपर्यंत खुर्चीवर बसून होते. निघताना त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. “उपकार झाले.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात डॉक्टरांची बायको. एकटीच.

मास्तरांनी घाईनं आत बहिणीला हाक मारली. “ताई, बाहेर ये. इथेच बस.” एकट्यानं बोलायला नको, उद्या भलतंसलतं निघायचं.

ती बसली नाही. “सगळे पुसलेत?”

“तुमच्यासमोरच की.”

“दुसरीकडे कुठे ठेवले असतील. कुणाला पाठवले असतील.”

“एकही नाही.” मास्तरांनी दार सताड उघडलं. “हवं तर पोलिसांना बोलवा. घर उघडं आहे.”

“नीट आठवा. गेल्या मंगळवारचे. सकाळी आठ-साडेआठचे.”

मंगळवार मास्तरांना चांगला आठवत होता. साळुंक्यांची जोडी फांदीवरून भांडली होती. एका दमात तीस-चाळीस फोटो निघाले होते, आयुष्यात पहिल्यांदाच तसे.

“तेही गेले. आईशपथ.”

ताईंना राहवलं नाही. त्या पुढे झाल्या. “बाई, माझा भाऊ तसा नाही हो. पाया पडते, आता तरी विश्वास ठेवा.”

डॉक्टरांची बायको भिंतीला टेकली आणि हळूहळू तिथेच खाली बसली.

“विश्वास आहे म्हणून तर आले,” ती म्हणाली. “वकीलबाई म्हणतात, पुरावा आणा. ह्यांचा हात उठला की मी मुद्दाम खिडकीशी यायचे, मास्तर.”