परत येण्याचा पुरावा

"व्हिसा कसला हवाय, काका? फिरायला जायचा, नातेवाइकांना भेटायचा, की कामाचा?" खिडकीतल्या तोयिफाने विचारलं.

"मुलीला बघायचंय," चानफी म्हणाला. "इस्पितळात आहे, तिकडे."

तिकडे म्हणजे मायोतला. समोरचंच बेट. हवा स्वच्छ असली की आमच्या अंजुआन बेटाच्या डोंगरावरून त्याची कड दिसते. माणसं आमच्यातलीच, नातीगोती तीच, समुद्रातले मासेसुद्धा तेच. पण झेंडा फ्रान्सचा. त्यामुळे पॅरिसहून कासवं बघायला येणारा माणूस चपला फटफटवत उतरतो, आणि इथल्या बापाला सकाळपासून खिडकीशी उभं राहावं लागतं. आता हे कुणाला सांगणार?

चानफीने शुक्रवारच्या नमाजाचा पांढरा झगा घातला होता. तोयिफा त्याचे कागद एकेक करून उलटत गेली. बोटीचं परतीचं तिकीट होतं. राहायला मामेभावाचं घर, त्याचं पत्र होतं. इस्पितळाचा दाखला होता. तो तिने वाचला, आणि मग थोडा वेळ तिला चानफीकडे बघवेना.

"एशातीला माहीत आहे?" तिने आवाज खाली आणला.

"नाही. डॉक्टर फक्त माझ्याशी बोलले, फोनवर. तिला आम्ही सांगतोय, लवंगांच्या तोडणीला येशील घरी."

तोयिफाने मान हलवली. मग तिला विचारणं भागच होतं ते तिने विचारलं. "परत येणार याचा पुरावा?"

"हा काय." याच कागदाची तो वाट बघत होता. घराचा कागद. तीन खोल्या, ओटा, पाण्याची टाकी. एका वर्षीच्या लवंगा विकून पाया, पुढच्या वर्षीच्या विकून भिंती, असं करत करत अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं.

"काका, हे घर एशातीच्या नावावर आहे."

"मग कुणाच्या असणार?"

रांगेतले लोक हसले. तसं हसण्यासारखंच होतं ते. आमच्याकडे बाप घर बांधतो ते मुलीसाठी. जावई त्या घरात नांदायला येतो. स्वतःच्या नावावर घर करून बसलेल्या बापाकडे गाव कसं बघतं, ते आम्हाला विचारा. तोयिफाही बापाने बांधून दिलेल्या घरातच राहत होती. पण हे कागद जिथे जायचे होते, तिथल्या साहेबांना बापडीने काय समजवावं?

"म्हणजे घर जिचं ती तिकडे," ती म्हणाली, "आणि तुम्हीही तिकडेच चाललात. मग इकडे तुमचं काय आहे, असं विचारतील वरचे लोक."

चानफीने खरोखरच विचार केला. "बायकोची कबर आहे," तो म्हणाला.

"तो पुरावा चालत नाही, काका."

मागे म्लामाली उभा होता, बाजारात किराण्याचं दुकान आहे त्याचं. न विचारता सल्ला द्यायची त्याला खोडच. "अरे, घर तुझ्या नावावर करून घे की. काझींकडे दुपारपर्यंत होतंय. पोरीचा होकार फोनवर चालतो, दोन साक्षीदार लागतात. एक मी येतो."

"तसं झालं तर मी आजच्या आज कागद वर पाठवते," तोयिफा म्हणाली. "आजारपणाचं आहे, अडवणार नाहीत."

"वेड लागलंय का तुम्हाला?" चानफी म्हणाला. "मुलीचं घर बापाने मागायचं?"

मुलीच्या नावावरचं घर आमच्याकडे तिच्या जिवात जीव असेतो कुणी मागत नाही. तिला माती देऊन आल्यावरच त्या घराचं बोलणं निघतं. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"कागदापुरतं रे," म्लामाली म्हणाला. "पोरीचं तोंड बघायचंय ना तुला?"

चानफीने घराच्या कागदाची घडी घातली. मग त्याने फोन काढला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. पलीकडून एशाती बोलली तेव्हा सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

"बा, जेवलात?"

"जेवलो गं." सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता. "ऐक ना, एशा. ते घर. थोड्या दिवसांसाठी माझ्या नावावर करावं म्हणतोय. व्हिसासाठी मागतायत इथे. तू आलीस की लगेच परत तुझ्या नावावर."

पलीकडे कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली. एशाती काही बोलेना. फोन बंद पडला की काय म्हणून चानफीने तो कानाला लावला, पुन्हा समोर धरला.

"डॉक्टर तुमच्याशी बोलले का, बा?"

"छे गं. कागदापुरतं आहे हे." लवंगांचं माप घालतानाही ज्याला कधी लबाडी जमली नाही, त्याला हे कुठून जमणार? आवाज फाटलाच.

तोयिफाने मान खाली घातली होती. म्लामाली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बरं," एशाती म्हणाली. "लिहून घ्या. काझींना सांगा, माझी हरकत नाही."

"एशा..."

"पण मग लवकर या, बा."