नंबर कुणी वाटला

“नको म्हणजे नको! विमा नको, प्लॉट नको, तुमचं ते पाणी गाळायचं यंत्रही नको!” आईनं रिसीव्हर आदळला आणि पुन्हा शिलाई मशीनवर बसली. बाही जोडायला घेते न घेते तोच फोन परत खणखणला. आता तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिचे सासरे, अण्णा, मोरीत कवळी धूत होते. उरली एकटी लेक, आणि ती तर साप दिसल्यासारखी फोनला भ्यायची. आईनं मानेनंच खूण केली, घे गं बाई. लेकीनं उचलला.

लेक बोलताना अडखळायची, अगदी लहानपणापासून. हात मात्र सोन्याचे. मेणात दात रचावेत तर तिनंच. अण्णांची कवळी तिनंच घडवलेली, आणि त्या कवळीनं अण्णा कडक पेरू खायचे. दूरच्या शहरातल्या एका कवळ्यांच्या लॅबला तिचं काम पसंत पडलं होतं. पण तिथं दिवसभर दातांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलावं लागे, म्हणून लॅबच्या मॅडम महिन्याभरानं फोनवरच मुलाखत घेणार होत्या. झालं! पोरीच्या पाचावर धारण बसली. नको मला ती नोकरी, म्हणाली. म्हणाली कसली, कागदावर लिहून दिलं.

“ह... ह... हॅलो. क... को...”

‘कोण पाहिजे’ हे आईच्या अगदी ओठांवर आलं, पण टाचण्या आड आल्या. पलीकडचा माणूस थांबला. न थांबून सांगतो कुणाला? सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याचा फोन न आदळता धरून ठेवला होता.

“बोला ना मॅडम, मी ऐकतोय,” त्याचा आवाज रिसीव्हरबाहेर आला.

मॅडम! लेकीला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. आणि घरात तिचं वाक्य तिचं तिला कधी पुरं करू दिलं नव्हतं. मायेपोटीच, पण दिलं नव्हतं हे खरं. त्या दिवशी तिनं पाणी गाळायच्या यंत्राबद्दल सात प्रश्न विचारले. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. कवळी हातातच राहिली होती.

त्यानंतर फोनचं नुसतं मोहोळ उठलं. गादीवाले, कुलूपवाले, सहलवाले, केस उगवून देणारे. पूर्वी दिवसाला दोन-तीन यायचे, आता श्वास घ्यायला फुरसत नाही. आईच्या नाकी नऊ आले. “आपला नंबर कुणी वाटला ते मला कळू दे फक्त,” ती कात्री परजत म्हणाली, “बोटं कातरते त्याची!”

“कातर, कातर,” अण्णा म्हणाले. “दोरा संपलाय का गं? आणतो मी.”

अण्णांना हल्ली फिरायचा भारी नाद लागला होता. एका रिळासाठी तीन दुकानं पालथी घालायचे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, आपल्या जुन्या पाट्या बघत हिंडत असेल, असं आईला वाटे. नको असलेले फोन बंद करायचा अर्ज तिनं आणला आणि भरायला त्यांच्याकडेच दिला, कारण घरात अक्षर तेवढं त्यांचंच बघण्यासारखं. तो त्यांनी हरवला. दुसरा आणला, त्याच्यावर चहा सांडला. म्हातारपण, दुसरं काय!

फोन येत राहिले आणि लेक ते घेत राहिली. अडखळणं काही गेलं नाही. पण आता ती उभी राहून नाही, खुर्चीत पाय वर घेऊन बोलायची.

सोमवारी अकराला लॅबच्या मॅडमचा फोन आला. आई लगबगीनं शेजारी येऊन बसली, वाक्यं पुरी करायला एकदम सज्ज.

“आमचे डॉक्टर घाईत असतात, चिडतात,” मॅडम म्हणाल्या. “कसं जमेल तुला?”

लेकीचा शब्द अडकला. आईनं तोंड उघडलं. लेकीनं तिच्या तोंडापुढे तळहात धरला.

“च... चिडू देत. मी अडखळते मॅडम, पण फ... फोन ठेवत नाही.”

पलीकडे मॅडम मोकळं हसल्या. “एक तारखेला ये.”

आईला रडू फुटलं. आनंद तर झालाच, पण लाजही वाटली. बावीस वर्षं आपण पोरीच्या तोंडातले शब्द पळवत आलो, आणि वर त्याला मदत म्हणत आलो!

संध्याकाळी लेकीच्या नव्या कुडत्याला सहा बटणं हवी होती. अण्णा आळीभर बातमी सांगत सुटले होते, म्हणून आई स्वतःच दोरा-बटणांच्या दुकानात गेली. गल्ल्याशेजारी सोडतीची पारदर्शक पेटी होती, कूपनांनी गच्च भरलेली. आतून काचेला चिकटलेल्या एका कूपनावर तिला आपला नंबर दिसला. खालच्यावरही तोच. त्याच्या खालच्यावरही.

“ती आजोबांची,” दुकानदार हसून म्हणाला. “रोज एक रीळ, रोज एक कूपन. नंबर जातात कंपन्यांकडे, बक्षीस काही लागेना, पण गडी हटेना.”

आई वाकली. जाड-बारीक वळणाचं, पाटीवर शोभावं असं अक्षर. नावापुढे नातीचं नाव होतं. ‘फोन करण्यास सोयीची वेळ’ यापुढे अण्णांनी लिहिलं होतं: “कधीही करा. मुलगी सावकाश बोलते. तिचं वाक्य ती पुरं करील, तुम्ही करू नका.”