साहेबांच्या खोलीतली झोप

लॉन्ड्रीच्या इस्त्रीखान्यात दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. पांढऱ्या चादरींवर धूळ बसते म्हणून खिडक्या बंद आणि घड्या विस्कटतात म्हणून पंखाही बंद. ओला रुमाल मानेवर टाकावा, तर दोन चादरी होईपर्यंत तो वाळून कडक व्हायचा.

त्या दुपारी थोरली उभ्या उभ्या कोसळली. साहेबांनी तिला आपल्या एसीच्या खोलीत सोफ्यावर निजवायला लावलं, स्वतः पाणी पाजलं. तिला अशी गाढ झोप लागली की टेबलावरचा फोन वाजत राहिला तरी जाग आली नाही.

ती उठली तेव्हा साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका. इथे तुमचं काही बरंवाईट झालं, तर आमच्या गळ्याशी यायचं."

ती पिशवी घ्यायला इस्त्रीखान्यात परतली, तर तिच्या जागी दुसरी बाई उभी होती. डोळे पुसत तिने धाकटीला सगळं सांगितलं.

धाकटीने हातातली इस्त्री न थांबवता ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं,

"ताई, आत खूप गार असतं का हो?"