तबकडीतला फुगवटा

तो पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा मृत तारा, चार वर्षांतून एकदाच जोडीदार ताऱ्याच्या अगदी जवळून जायचा आणि त्या जोडीदाराभोवतीची वायूची तबकडी ढवळून काढायचा. ताई या भेटीसाठी दिवस मोजत होती. नेमकं त्याच आठवड्यात तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं आणि दुर्बिणीवर धाकटी बहीण बसली.

महिन्याभराने धाकटी निष्कर्ष मांडायला उभी राहिली. एका बाजूने फुगलेली तबकडी पडद्यावर दिसताच सभागृहात टाळ्या पडल्या. ताईच्या पोटात दुखलं, पण टाक्यांमुळे नव्हे.

ती उठलीच. "हा यंत्राचा दोष नाही कशावरून? चार दिवसांच्या निरीक्षणांवर एवढी मोठी उडी?"

सगळे धाकटीकडे पाहू लागले.

"चार दिवस माझे, ताई. आधीची आठ वर्षं तुझी. तुझ्या नोंदींशी ताडून पाहिलं, म्हणून तर खात्री पटली."

तिने पुढची स्लाइड लावली. शोधनिबंधाच्या मसुद्यावर पहिलं नाव ताईचं होतं.

"ये वर. पुढच्या शंकांना तूच उत्तरं दे."

ताई मंचाकडे निघाली. हेवा कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. धाकटीच्या जागी ती असती, तर तिने हे केलं नसतं.